मुंडगोडहून, तुझ्या प्रश्नाला उत्तर

मुंडगोड, जि. उत्तर कन्नड
माघ पौर्णिमेचा दुसरा दिवस

दोस्ता,

सप्रेम जय भीम. नमो बुद्धाय.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला तो रागामुळे नाही. तू विचारलंस ते इतकं नेमकं होतं की घाईत चार ओळी खरडून पाठवणं मला बरं वाटेना. "वीस वर्षं तिथं वाद घालत बसशील, तोवर वस्तीतली पोरं कोण पाहील?" असं लिहून तू खाली बाबासाहेबांचा प्रश्न काढलास, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या सुरुवातीचा: भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धांचा हेतू काय, परिपूर्ण माणूस घडवणं की समाजसेवक घडवणं? आणि नुसता परिपूर्ण असेल तर तो स्वार्थी, धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, हेही. तुझ्या पत्राचं ते पान मी खोलीत भिंतीला लावलंय. पहाटे दिवा लावला की आधी तेच दिसतं.

उत्तर द्यायच्या आधी इथं, ह्या तिबेटी विहारात, मी काय करतो ते नीट सांगतो. तू त्याला 'लामांचं कर्मकांड' म्हणून बाजूला सारलंस, आणि चूक माझी आहे, मीच तुला कधी धड सांगितलं नाही.

हुबळीहून बसनं दीडेक तास. दोन्हीकडे मक्याची शेतं, आणि मग एकाएकी विहारांची सोनेरी छपरं. १९५९ साली तिबेटातून निसटलेल्या भिक्खूंपैकी अभ्यास पुढे चालवतील अशा सुमारे दीड हजारांना आधी उत्तर बंगालात बक्सा दुआरला ठेवलं होतं. ती इंग्रजांची जुनी बंदीशाळा, स्वातंत्र्यसैनिकांना जिथं डांबत तीच. दमट हवा, अपुरं अन्न; क्षयानं कितीतरी जण गेले. वर्ग मात्र चालू राहिले. मग १९६९च्या सुमारास ते कर्नाटकात आले, रान साफ करून शेती केली आणि ल्हासाजवळचे गांदेन (१४०९) आणि ड्रेपुंग (१४१६) हे महाविहार इथं नव्यानं उभे केले. तिसरा महाविहार, सेरा, म्हैसूरकडच्या बायलाकुप्प्याला गेला. इथले एक म्हातारे गेन-ला (गुरुजींना असं म्हणतात) सांगत होते, दिवसा कुदळ आणि रात्री वाद, हातांना फोड आलेले असायचे म्हणून वादात टाळी वाजवली की डोळ्यांत पाणी यायचं. हे ऐकताना मला आपल्या वस्तीतल्या रात्रशाळेची आठवण झाली. गिरणीतून सुटून येणारे आपले आजोबा, कंदील आणि पाटी.

पहिलं वर्ष भाषेत गेलं. तिबेटी मुळाक्षरं कशी आहेत माहीत आहे? क, ख, ग, ङ. मग च, छ, ज, ञ. आपलीच बाराखडी हिमालय चढून गेलेली. त्यांच्यात एक अक्षर आहे ते हिंदी बोलणाऱ्या पोरांच्या जिभेवर बसत नव्हतं. ते 'चहा'तला च म्हणायचे. मी पहिल्याच दिवशी बरोबर म्हटलं, कारण तो आपला 'चाक'मधला च आहे, 'चमचा'मधला. गेन-लांनी मान वर करून विचारलं, तू कुठला? त्या दिवशी मराठी असल्याचं इतकं बरं वाटलं की काय सांगू. पुढे स्पेलिंगनं दमवलं. आठ हा आकडा लिहायचा ब-र-ग-य-द असा आणि म्हणायचा 'ग्ये'.

आणि पाठांतर. मोठ्यानं, ओसरीत येरझारा घालत, शंभर मुलं शंभर वेगळी पानं म्हणत असतात. मी पहिलं पाठ केलं ते हृदयसूत्र. त्याची सुरुवात होते 'ग्यगर केदु' अशी, म्हणजे 'भारताच्या भाषेत', आणि पुढे संस्कृत नाव, भगवती प्रज्ञापारमिता हृदय. तिबेटीत गेलेले भारतीय ग्रंथ असेच सुरू होतात. आधी मूळ गाव सांगायचं, मग बोलायचं. इथले पाच मुख्य विषय ज्या ग्रंथांवर उभे आहेत ते सगळे भारतातले: धर्मकीर्तींचं प्रमाणवार्तिक, मैत्रेयांचा अभिसमयालंकार, चंद्रकीर्तींचा मध्यमकावतार, वसुबंधूंचा अभिधर्मकोश, गुणप्रभांचं विनयसूत्र. आपण हे हरवून बसलो. प्रमाणवार्तिकाची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांना १९३०च्या दशकात तिबेटात जाऊन शोधावी लागली. आपल्या घरातली चीज शेजाऱ्यानं पुरात वाहून जाताना धरून ठेवावी आणि हजार वर्षांनी तू मागायला गेलास की पुसून हातात द्यावी, तसं मला इथं रोज वाटतं.

बाकी शिस्तीचं फार सांगत नाही. चीवराखालचं वस्त्र निऱ्या घालून नेसावं लागतं. आजीच्या लुगड्याच्या निऱ्या आठवून मी ते शिकलो. प्रार्थनेच्या वेळी नव्या मुलांनी मोठ्या किटल्या घेऊन रांगांमधून पळत चहा वाढायचा असतो, थेंब न सांडता आणि पठण न मोडता. आपल्याकडे भन्ते दुपारनंतर जेवत नाहीत, इथं रात्री थुक्पा (शेवयांचं सूप) मिळतो, त्याचं सुरुवातीला मला जड गेलं. विनयाची परंपराच वेगळी, आपल्या पाली परंपरेत भिक्खूचे २२७ नियम, ह्यांच्यात २५३. मी अजून श्रामणेर आहे, पूर्ण भिक्खू व्हायचाय.

आता मुख्य गोष्ट, वाद.

संध्याकाळी आवारात जोड्या पडतात. एक खाली बसतो, तो उत्तर देणारा. एक उभा, तो विचारणारा. उभा असलेला 'धीः' म्हणून सुरू करतो, ते प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाचं, मंजुश्रीचं बीजाक्षर, आणि प्रश्न टाकताना डावा पाय आपटून उजवा तळवा डाव्यावर मारतो. बसलेल्याला मोजकीच उत्तरं आहेत. 'दो', मान्य. 'ची-चिर', कशावरून? 'ताक मा-डुप', तू दिलेलं कारणच खरं नाही. 'ख्याप्पा मा-जुंग', कारण खरं आहे पण त्यातून ते निघत नाही, म्हणजे व्याप्ती नाही. भाषण करायचं नाही, रागवायचं नाही, "माझं आपलं असं मत" म्हणून सुटायचं नाही.

पहिल्या महिन्यात माझ्यासमोर स्पितीचा बारा वर्षांचा मुलगा उभा राहिला. मी बी. ए. झालेला. धड्यातली चुकीची बाजू त्या दिवशी माझ्या वाट्याला होती: जो जो रंग, तो तो तांबडा. मी म्हटलं, दो. त्यानं टाळी मारली. "पांढऱ्या धर्मशंखाचा रंग घेऊ. तो तांबडा आहे, कारण तो रंग आहे." आता बघ. कारण खरं नाही म्हटलं तर शंखाचा रंग हा रंगच नाही असं होतं. व्याप्ती नाही म्हटलं तर आत्ता मान्य केलेलं मीच मोडतो. मान्य म्हटलं तर पांढरं तांबडं झालं. तिन्ही दारं बंद. मी गप्प बसलो आणि त्यानं माझ्या नाकासमोर टाळी वाजवून 'त्सा!' केलं, म्हणजे संपलं. कान तापले माझे. मग तो लगेच माझ्याजवळ बसला आणि कुठं अडकलो ते बोटानं जमिनीवर काढून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, पांढरा घोडा पांढरा आहे? ह्यात काय विचारायचं, मी म्हटलं, दो. "मग घोडा हा रंग आहे, कारण तो पांढरा आहे." पांढरं जे जे, ते रंग, ते तर मी आधीच मान्य केलेलं. त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे उलगडलं. घोड्याचा रंग पांढरा आहे. घोडा पांढरा नाही. घोडा म्हणजे जीव, रंग त्याच्यावर आहे, तो रंग नव्हे.

हसू नकोस. मी अंथरुणात उठून बसलो, कारण मला शाळेचा दाखला आठवला. माझ्या नावापुढे एका रकान्यात लिहिलेला तो शब्द. तो शब्द माझ्यावर होता आणि गावानं तो म्हणजेच मी असं धरलं होतं. आजीला विहिरीवर काय ऐकून घ्यावं लागलं ते तुला माहीत आहे. दोन हजार वर्षं लोकांनी पांढऱ्या घोड्याला पांढरं म्हटलं आणि कोणी समोर उभं राहून टाळी मारली नाही. बाबासाहेबांनी मारली. हे मला आधीही ठाऊक होतं, घोषणेत, भाषणात. पण त्या पहाटे ते माझ्या हाताला लागलं, सांध्यासांध्यातून, की चूक नेमकी कुठं होते आणि ती कशी दाखवायची.

तू पुनर्जन्माचंही विचारलंस. इथं मीही ते उघड बोललो. म्हटलं, मला हे पटत नाही, आमच्याकडे बाबासाहेबांनी आत्म्याशिवाय त्याचा वेगळा अर्थ लावला आहे. मला वाटलं आता नाराज होतील. गेन-ला म्हणाले, छान, मग उत्तराच्या जागी बस. तीन संध्याकाळी मला धर्मकीर्तींच्या दुसऱ्या प्रकरणातले युक्तिवाद ऐकावे लागले, विज्ञान (म्हणजे जाणीव) आधीच्या विज्ञानातूनच येतं वगैरे, आणि एकेकाला उत्तर द्यावं लागलं. दोन ठिकाणी मी हरलो, एका ठिकाणी टिकलो. अजून मला ते पटलेलं नाही. कोणी मला पटवून घे असं म्हटलंही नाही. तू इतवारीच्या सराफ्यात कामाला आहेस म्हणून सांगतो, इथं सारखा बुद्धांच्या तोंडचा एक श्लोक म्हणतात: सोनं जसं तापवून, कापून, कसावर घासून घेतात, तसं माझं वचन पारखून घ्या, माझ्यावरच्या आदरापोटी नको. श्लोक मूळचा संस्कृतातला, 'परीक्ष्य भिक्षवो ग्राह्यं मद्वचो न तु गौरवात्'. गिऱ्हाईक ओळखीचं आहे म्हणून तू कधी कस न घेता सोनं घेतलंयस का?

ताईला एक सांग. तिनं विचारलं होतं, मुलींना हे शिकता येतं का. पूर्ण अभ्यासाला पंधरा-वीस वर्षं लागतात, ल्हारम्पा गेशे व्हायचं तर वर आणखी सहा वर्षं परीक्षा. गेशे ही ह्या अभ्यासाची पदवी, ल्हारम्पा त्यातली सगळ्यात वरची. ही पदवी शतकानुशतकं फक्त भिक्षूंची होती. २०१६च्या डिसेंबरात इथंच, मुंडगोडला, वीस भिक्षुणींना दलाई लामांच्या हस्ते पहिल्यांदा गेशेमा, म्हणजे स्त्री-गेशे, ही पदवी मिळाली. उशीर फार झाला, पण झालं.

आता तुझं वाक्य घेऊ. "जो जो विहारात शिकत बसला, तो तो समाजाला निरुपयोगी." तू लिहिलंस त्याचा अर्थ हाच होतो ना? मग भदंत आनंद कौसल्यायन घे. श्रीलंकेत केलनियाच्या विद्यालंकार पिरिवेणात शिकलेले. तेही भिक्खूंचं महाविद्यालयच. आपल्या हिंदी बोलणाऱ्या नातेवाइकांच्या घरात बाबासाहेबांचा तो ग्रंथ आहे, त्याचा हिंदी अनुवाद कोणी केला? ह्याच माणसानं. आणि ते राहिले कुठं? आपल्या नागपुरात. धर्मानंद कोसंबी घे. गोव्यातल्या साखवाळचे, १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय पिरिवेणात सुमंगल महाथेरांकडे श्रामणेर होऊन पाली शिकले, परत येऊन मराठीत बुद्ध आणला आणि १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. व्याप्ती मोडली, दोस्ता.

पण इथंच थांबलो तर मी तुला फसवलं असं होईल. दोन माणसं उपयोगी पडली एवढ्यावरून मी उपयोगी पडेन हे निघत नाही. माझ्याबद्दल तू शंका घेतलीस तर माझ्याकडे आज उत्तर नाही. ताक मा-डुप, कारण अजून सिद्ध व्हायचंय. म्हणून तुझं ते पान भिंतीवरून मी काढणार नाही.

ह्या पत्रासोबत एक वही पाठवतोय. पहिल्या वर्गाचा रंगांचा धडा मी मराठीत उतरवलाय, चाळीस पानं. शंख आणि घोडा जसेच्या तसे ठेवलेत, पुढची उदाहरणं आपल्याकडची घातलीत: संत्रं, पळसाचं फूल, निळा झेंडा. 'व्याप्ती' हा शब्द पोरांना जड जाईल असं वाटतं. मी त्याऐवजी 'सगळ्याला लागू नाही' असं करून पाहिलंय, पण टाळीच्या तालात ते बसत नाही, चार अक्षरांत काही सुचलं तर लिही. रविवारी वंदना झाली की विहारात पोरांना दोन-दोन करून बसव. एक उभा, एक खाली. उभ्यानं विचारायचं, खालच्यानं चारच उत्तरं द्यायची, आणि हरणाऱ्याच्या शेजारी जिंकणाऱ्यानं जाऊन बसायचं, ही अट मोडू देऊ नको. कुठल्या पानावर पोरं अडतात ते पेन्सिलीनं खूण करून ठेव. अशोक विजयादशमीला मी दीक्षाभूमीवर येतोय, आठ दिवसांची रजा मिळाली आहे. तेव्हा वही घेऊन बसू.

सतरा ते एकोणीस ह्या पानांवर चहा सांडला होता, अक्षरं फिकी झालीत, ती आधी गिरवून घे. आईला सांग, तिनं दिलेली गोधडी अजून तीच वापरतो. घंटा झाली.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा