खडकातले पाणी आणि छिद्रांचा आकार

नागपूर

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. खडकाची सच्छिद्रता, म्हणजे त्यातल्या रिकाम्या जागेचे प्रमाण, मोजून हाती आल्यावर पुन्हा छिद्रांच्या आकाराच्या मागे का लागायचे, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे आणि दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपले नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर वसले आहे. पश्चिमेला काळा कातळ, तर कामठीकडे गोंडवनी वालुकाश्म. माझ्यासमोर या घडीला बेसाल्टचा एक कोअर, म्हणजे खडकात खोदून काढलेला दंडगोल नमुना, आहे. त्यातल्या वाटाण्याएवढ्या गोल पोकळ्या सहज दिसतात आणि काही पांढऱ्या झिओलाइट खनिजाने भरलेल्या आहेत. मात्र त्यातले तडे कोरड्या कोअरवर शोधूनही सापडत नाहीत. कोअर ओला करून पुसला की पृष्ठभाग लवकर वाळतो, पण तड्यांत मुरलेले पाणी मागे राहते आणि बारीक काळ्या रेषा उमटतात. सच्छिद्रतेच्या हिशेबात या रेषा जवळजवळ नगण्य असतात. खडकाच्या वागणुकीत मात्र त्यांचाच वाटा मोठा असतो.

हिशेब करून पाहू. खनिजाचा पॉयसन गुणांक (एका दिशेने दाबल्यावर पदार्थ आडवा किती फुगतो ते सांगणारा आकडा) ०.२५ धर आणि सच्छिद्रता फक्त ०.१ टक्का. ही सगळी जागा गोल पोकळ्यांची असेल, तर कोरड्या खडकाची दबण्याची क्षमता जेमतेम पाव टक्क्याने वाढते. तीच जागा चपट्या, नाण्याच्या आकाराच्या तड्यांची असेल आणि तड्याची जाडी त्याच्या रुंदीच्या एक हजारांश असेल, तर तडे एकमेकांवर परिणाम करत नाहीत असे मानूनही ती क्षमता सुमारे ८० टक्क्यांनी वाढते. सच्छिद्रतेचा आकडा दोन्हीकडे एकच, आणि परिणामात तीनशे पटींहून अधिक अंतर! म्हणून अहवालात नुसती सच्छिद्रता लिहून थांबणे मला अर्धवट काम वाटते, आणि हे मी आग्रहाने सांगतो.

आता त्यात पाणी भर. मृदायांत्रिकीचा जनक टेरझागी याने १९२० च्या दशकात मातीसाठी सांगितले की सांगाड्यावर, म्हणजे छिद्रांभोवतीच्या घन चौकटीवर, पडणारा प्रभावी ताण म्हणजे एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा करून उरलेला भाग. बिओ या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये त्रिमितीय सिद्धांत मांडला, आणि पुढे त्यातूनच पाण्याच्या दाबाला लावायचा एक गुणांक रूढ झाला, जो सांगाड्याची दृढता (दाबाला होणारा विरोध) आणि खनिजाची दृढता यांच्या गुणोत्तरावरून ठरतो. मऊ मातीत तो १ च्या जवळ असतो. वरच्या उदाहरणात गोल पोकळ्यांच्या खडकासाठी तो ०.००२ च्या आसपास येतो, तर तड्यांच्या खडकासाठी सुमारे ०.४४. म्हणजे पाण्याचे प्रमाण तेवढेच असूनही एका खडकाला त्याचा दाब जाणवतही नाही आणि दुसऱ्याला जवळजवळ निम्मा जाणवतो.

भार किती वेगाने येतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. भार सावकाश आला तर पाण्याला निघून जायला सवड मिळते, तडे मिटतात आणि खडक मऊ वागतो. भार झटकन आला तर पाणी अडकते. खनिजाची दृढता ४० गिगापास्कल धरली, तर पाण्याची २.२ गिगापास्कल ही दृढता त्यापुढे क्षुल्लक दिसते, पण चपट्या तड्याच्या स्वतःच्या दृढतेच्या ती कितीतरी पट आहे. त्यामुळे ती ८० टक्क्यांची वाढ दोन टक्क्यांच्या आत येते. एकाच कोअरच्या दोन चाचण्यांत तुला आलेली तफावत यंत्राच्या दोषामुळे असेल असे मला वाटत नाही. निचऱ्याची झडप एकदा उघडी आणि एकदा बंद होती का, हे आधी पाहा.

या गणिताचा पाया एशेल्बी या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये घातला. अखंड माध्यमातल्या लंबगोलाकार समावेशात (आत बसलेल्या वेगळ्या भागात) विकृती, म्हणजे आकारातला बदल, सर्वत्र सारखी असते, हे त्याने दाखवले, आणि गोल पोकळीपासून चपट्या तड्यापर्यंतचे आकार एका सूत्रात आले. तडे दाट झाले की अडचण येते. स्वयंसुसंगत पद्धतीने (प्रत्येक तडा आधीच तडे गेलेल्या सरासरी खडकात आहे असे मानून) मोजले तर तडाघनता (तड्यांची संख्या आणि आकार मिळून येणारा आकडा) नऊ सोळांश होताच कोरड्या खडकाची दृढता शून्य होते, आणि इतक्या टोकाला त्या पद्धतीवर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या भागात तर हा विषय फार जवळचा आहे. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. जलाशयाचे वजन तर असतेच, पण भेगांतून खोलवर पसरणारा पाण्याचा दाब भ्रंशाला (जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात त्या मोठ्या भेगेला) आवळून धरणारा प्रभावी ताण कमी करतो, आणि हे घडायला वेळ लागतो. तिथल्या कोअरमध्ये तडे किती चपटे आहेत, यावर किती खोलीपर्यंत ते उघडे राहतील हे ठरते. वरच्या हिशेबातला तडा कोरडा असेल, तर सुमारे ५० मेगापास्कल दाबाला, म्हणजे दोनेक किलोमीटर खडकाच्या भाराखाली, मिटतो. आतल्या पाण्याचा दाब त्याला आणखी खोलवर उघडा ठेवू शकतो.

म्हणून एक विनंती. चाचणी कोअरवर दाबाचा द्रव आत शिरू न देणारे आवरण चढवून आणि आवरणाशिवाय अशी दोन्ही प्रकारे कर, दाब टप्प्याटप्प्याने वाढव आणि प्रत्येक टप्प्यावर आकारमानातला बदल नोंदव. त्या वक्ररेषेवरून तड्यांच्या चपटेपणाची विभागणी मी इकडे काढून देईन. नोंदी कच्च्या असल्या तरी तशाच पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव