विनायकास, चवथीच्या आधी

फोंडा,
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझी मेल येऊन दोन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसलो की वीज जायची, नाहीतर कोणीतरी चवथीच्या खरेदीला ओढून न्यायचं. आज रविवार, पाऊस धो धो, कोणी हाक मारणार नाही.

तुझ्या आयरिश घरमालकीणबाईंची गोष्ट डोक्यातून जात नाही. ३० जुलैला आयर्लंडच्या डॅनियल विफेननं पॅरिस ऑलिंपिकला ८०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, बाई टीव्हीसमोर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि "अठ्ठावीस वर्षांनी" म्हणता म्हणता मध्येच थांबल्या. तू कशाची अठ्ठावीस वर्षं म्हणून विचारलंस तर चहा ठेवायला आत निघून गेल्या. जिन्याखालच्या कपाटातल्या मिशेल स्मिथच्या कात्रणांचं तुला त्यांच्या मुलाकडून कळलं, ते बरंच झालं. त्यांना पुन्हा विचारत बसला असतास तू. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मिशेल स्मिथ. नाव वाचलं आणि पणजीतली आपली कॉलेजची खोली आठवली. १९९६, अटलांटा. आपण टेनिसमधल्या लिअँडर पेसच्या ब्राँझनं वेडे झालो होतो. वाढला तो कोलकात्यात, पण वडील गोव्याचे, तेवढ्यावर आपण त्याला पक्का गोंयकार करून टाकलं. त्याच स्पर्धेत आयर्लंडच्या या पोरीनं पोहण्यात तीन सुवर्णं आणि एक ब्राँझ नेलं, ते आपण पेपरात चार ओळींत वाचून सोडलं. आता विचार कर. देशात तेव्हा ५० मीटरचा एक तलाव नाही, मुलगी सव्वीस वर्षांची, म्हणजे पोहण्यात उतरणीचं वय, आणि वेळ एकदम इतकी खाली येते. प्रशिक्षक कोण, तर नवरा. तो डच थाळीफेकपटू, आणि त्याच्यावरच उत्तेजकांसाठी चार वर्षांची बंदी. अमेरिकेची जलतरणपटू जॅनेट इव्हान्स पत्रकारांसमोर एवढंच म्हणाली की अशी झेप घेतली की लोक प्रश्न विचारतातच. आयरिश माणसं खवळली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हा त्यांचा सूर. मी तिथं असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

मग जानेवारी १९९८ मध्ये उत्तेजकांचे तपासनीस तिच्या घरी गेले. लघवीच्या नमुन्यात व्हिस्की निघाली, आणि तीही इतकी की तेवढी पोटात घेतलेला माणूस जिवंत राहायचा नाही. ती बातमी वाचून आपण किती हसलो होतो! "आमच्याकडे असती तर फेणी घातली असती," हे तुझंच वाक्य. चार वर्षांची बंदी आली, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं ती कायम केली. पदकं मात्र तिच्याकडेच राहिली, कारण अटलांटात काही सापडलं नव्हतं. तिनं शेवटपर्यंत नाकारलं, पुढं कायदा शिकून वकील झाली. म्हणजे बाईंच्या कपाटातली कात्रणं ना फ्रेम करून लावायची, ना रद्दीत घालायची.

आता माझं सांगतो. तुला हे कधी लिहिलं नाही, लाज वाटली म्हणून.

२०१६ आठव. नरसिंग यादव. तीनदा महाराष्ट्र केसरी. घराणं उत्तर प्रदेशातलं, पण मुंबईत वाढलेला, म्हणजे आपला. ऑलिंपिकला दोघांतलं कोण जाणार ते ठरवायला पैलवान सुशीलकुमारनं चाचणी कुस्ती मागितली, दिल्ली उच्च न्यायालयानं दिली नाही, आणि रिओच्या तोंडावर नरसिंगच्या नमुन्यात स्टेरॉइड. जेवणात कोणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. 'नाडा'नं, म्हणजे आपल्या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, ते मानलं आणि सोडलं. 'वाडा'नं, म्हणजे जागतिक संस्थेनं, अपील केलं. (नाडा सुटला आणि वाडा पडला, असा विनोद तेव्हा इथं चालला होता. मला मुळीच हसू आलं नव्हतं.) कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, लवादानं चार वर्षांची बंदी घातली.

वरच्या बाजारातल्या आपल्या हॉटेलात मी पाव आणि पातळभाजी समोर ठेवून भाषण ठोकलं. कट, दिल्लीवाल्यांचं राजकारण, मराठी मुलाचा बळी. शेजारच्या टेबलावर आपले पीटीचे सर. ते शांतपणे म्हणाले, "सापडलं ते सापडलं." मी भडकलो. "धावपटू सुनीता राणीचं काय झालं ते विसरलात? बुसानला २००२ मध्ये तिचीही पदकं काढून घेतली होती, मग परत द्यावी लागली ना?" सर म्हणाले, "तिथं प्रयोगशाळेच्या चुका दाखवता आल्या. इथं काय चुकलं ते दाखव." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. म्हणून मी त्यांना, ज्यांनी आपल्याला धावायला शिकवलं त्यांना, भर हॉटेलात देशद्रोही म्हटलं. सरांनी चहाचे पैसे ठेवले आणि उठून गेले.

नंतर निकाल नीट वाचला. पदार्थ एकदा चुकून पोटात गेलेला नाही, गोळीच्या रूपात एकाहून जास्त वेळा घेतला असण्याचीच शक्यता अधिक, असं लवादाचं म्हणणं. तरी मला आजही मनातून वाटतं, कोणीतरी घातलं असेल. बघ, हे असं आहे. कॅनडातला तो धावपटू बेन जॉन्सनचा विनोद तुला माहीत असेल: जिंकला तेव्हा कॅनडाचा, तीन दिवसांनी उत्तेजकात पकडला गेला तेव्हा जमैकाचा. आम्ही त्यांच्याहून वेगळे, आम्ही माणूस सोडत नाही, तपासणीच खोटी ठरवतो. यात मोठेपणा आहे की दुसऱ्या तऱ्हेचा खोटेपणा, मला ठरवता येत नाही. बहुधा खोटेपणाच.

या महिन्यात कुस्तीतल्या विनेश फोगटचं झालं. १०० ग्रॅम वजन जास्त, उत्तेजकाचा काही संबंध नाही, पण गल्लीत पुन्हा तोच लवाद, पुन्हा तोच कट. पोदेरसुद्धा पाव देताना लवादाची तारीख विचारत होता. १४ तारखेला अपील फेटाळलं त्या संध्याकाळी सर मला बाजारात भेटले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "गणपतीवर माटोळी बांधायला शिडी लागली तर माझी घेऊन जा." बाकी काही नाही. आठ वर्षांत मी माफी मागितलेली नाही, त्या दिवशीही जमलं नाही. शिडी मात्र आणलीय.

आणखी एक. गेल्या वर्षी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इथं झाल्या तेव्हा बांबोळीच्या मैदानावर भाचा स्वयंसेवक होता. एका विजेत्या धावपटूबरोबर त्यानं सेल्फी काढला, महिनाभर मोबाइलवर तोच फोटो. पुढं स्पर्धेतले दोषी नमुने जाहीर होऊ लागले, बरेच निघाले, आणि त्यांत त्याचा हिरोही. भाचा मला म्हणतो, "मामा, डिलीट करू?" मी म्हटलं, "ठेव." का म्हटलं, ते त्याला सांगता आलं नाही.

म्हणून तुझ्याकडे एक काम. बाईंचा मूड बरा असेल तेव्हा एवढंच विचार, की ती कात्रणं त्या कधी काढून बघतात का. नाही बोलल्या तर सोडून दे, चहा पी आणि वर जा.

आई तुझी आठवण काढते. नेवऱ्या पाठवता येत नाहीत, याचं तिला वाईट वाटतं.

तुझा,
दत्ता