ग्रेट डेन घरी आणलेल्या मित्रास

पुणे, ८ जुलै

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

बाजी घरी आल्याचं कळलं, फोटोही पाहिले. तीन महिन्यांचं पिल्लू आणि पंजे आत्ताच एवढे! तू विचारलंस, हा किती वर्षं जगेल आणि त्यासाठी काय करायला लागेल. फोनवर हे अर्धवटच राहतं, म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र जपून ठेव. यातलं काही तुला उद्याच लागेल आणि काही पाच वर्षांनी.

ग्रेट डेनचं आयुष्य साधारण ७ ते १० वर्षांचं धरतात. कुत्र्यांमध्ये जात जेवढी अंगाने मोठी, तेवढं आयुष्य कमी, आणि हे आपल्या हातात नाही. पण डेन दगावतात त्याच्या मोठ्या कारणांमध्ये पोट, हृदय आणि हाडाचा कॅन्सर ही तीन येतात. त्यातल्या पोटाच्या बाबतीत सगळ्यात जास्त तुझ्या हातात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डॉक्टर याला जीडीव्ही म्हणतात, डेन पाळणारे नुसतं ब्लोट म्हणतात. पोटात गॅस साठतो, जठर फुगतं आणि फुगलेलं जठर स्वतःभोवती फिरतं. फिरलं की अन्ननलिकेचं तोंडही बंद आणि पुढे आतड्याकडे जाणारी वाटही बंद. ढेकर येत नाही, उलटी होत नाही, गॅस मात्र वाढतच राहतो. फुगलेलं जठर मागून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दाबतं, हृदयाला रक्त कमी पडतं आणि कुत्रा शॉकमध्ये जातो. जठराच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला की ती मरायला लागते, कधी प्लीहाही सोबत पिळली जाते. हे सगळं काही तासांत होतं. खोल, अरुंद छातीच्या सगळ्या जातींना हा धोका असतो आणि त्यात ग्रेट डेन सगळ्यात वरचा.

लक्षणं पाठ कर, आणि वहिनींना आणि काकूंनाही सांग, कारण दिवसा घरी त्याच असतात. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: कुत्रा उलटीसाठी उमळतो, पण बाहेर काहीच येत नाही. आला तर थोडा पांढरा फेस आणि लाळ. दुसरं, तो एका जागी बसत नाही. उठतो, फिरतो, बसायला जातो, पुन्हा उठतो, मान वळवून पोटाकडे बघतो. मग फासळ्यांच्या मागे पोट ढोलासारखं ताणलेलं लागतं. पण डेनची छाती इतकी खोल असते की फुगलेलं जठर बराच वेळ फासळ्यांच्या आतच लपतं. त्यामुळे पोट फुगलेलं दिसत नाही म्हणून थांबायचं नाही. कोरडी उमळ आणि बेचैनी एवढ्यावर निघायचं.

हिरड्या बघायची सवय आत्तापासून लाव. बाजी निरोगी असतानाच ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाब आणि सोड. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. शॉकमध्ये हिरड्या फिकट पडतात आणि रंग परतायला वेळ लागतो. बाजीच्या हिरडीवर काळे डाग असतील, तर मधला गुलाबी भाग शोध किंवा खालची पापणी ओढून आतला रंग बघ. निरोगी रंग डोळ्यांत बसलेला असला की बिघडलेला लगेच ओळखू येतो.

त्या वेळी घरात काय होईल, तेही मला माहीत आहे. कोणीतरी ओव्याचं पाणी आणेल, कोणी हिंग लावा म्हणेल, कोणी इनो विरघळवेल. यातलं काहीही देऊ नका. वाट बंद असताना तोंडाने दिलेलं फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि इनोने गॅस आणखी वाढतो. याहून मोठं नुकसान म्हणजे ‘पाजलंय ना, आता अर्धा तास बघू’ असं म्हणण्यात गेलेला अर्धा तास. ‘सकाळी दाखवू’ तर नाहीच नाही.

दवाखान्यात काय करतात ते सांगतो, म्हणजे दवाखाना कसा निवडायचा ते कळेल. पुढच्या पायांत जाड सुया घालून भराभर सलाइन देतात, नळीने किंवा बाहेरून सुई टोचून गॅस काढतात, उजव्या कुशीवर एक्स-रे घेतात आणि जठर फिरलेलं असलं की लगेच ऑपरेशन करतात. जठर सरळ करून पोटाच्या उजव्या भिंतीला शिवतात. नंतरचे दोन-तीन दिवस हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं. आता या महिन्यातच दोन-तीन दवाखान्यांना भेट देऊन सरळ विचार: रात्री दोन वाजता सर्जन येतात का, एक्स-रे जागेवर आहे का, साठ-सत्तर किलोच्या कुत्र्याला भूल द्यायची तयारी आहे का, ऑपरेशननंतर रात्रभर कोणी थांबतं का. नुसतं ‘२४ तास’ अशी पाटी आहे म्हणून विश्वास ठेवू नकोस. एक दवाखाना नक्की कर, दुसरा पर्याय म्हणून ठेव, आणि दोन्हींचे नंबर फ्रिजवर लाव. निघताना फोन करायचा, म्हणजे पोहोचेपर्यंत त्यांची तयारी होते.

तू धायरीत राहतोस. सिंहगड रोडवर संध्याकाळी काय होतं ते तुला मी सांगायला नको. म्हणून पर्यायी दवाखाना नदीच्या पलीकडचा नको, तुझ्याच बाजूचा हवा. गणपतीत पेठांमधले रस्ते बंद असतात आणि विसर्जनाच्या दिवशी तर गावातून गाडी काढणंच अवघड, त्या दिवसांचा मार्ग आधीच ठरवून ठेव. आणि मोठा झालेला डेन एकट्याने उचलला जात नाही. जाड सतरंजी त्याच्या खाली सरकवायची, चार टोकं दोघांनी धरायची आणि तसाच गाडीत ठेवायचा. लिफ्ट बंद असेल तर जिन्याने उतरवायला तिसरा माणूस लागतो. शेजारच्या कोणाला तरी हे आधीच सांगून ठेव.

टाळण्यासाठी काय करायचं? दिवसातून एकदाच भरपेट जेवण कधीच द्यायचं नाही. आत्ता तीन-चार वेळा, वर्षाचा झाल्यावर किमान दोन वेळा, आणि ते आयुष्यभर. अधाशासारखा खात असेल तर उंचवटे असलेलं भांडं घे. जेवणानंतर तासभर उड्या आणि पळापळ नको. डेन उंच आहे म्हणून त्याचं भांडं स्टुलावर ठेवायची पद्धत आहे, ती पाळू नकोस. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंचावरच्या भांड्याबरोबर धोका वाढलेला दिसला होता. त्यावर मतभेद आहेत, पण भांडं जमिनीवर ठेवल्याने काही बिघडत नाही, म्हणून मी जमिनीच्याच बाजूने. भित्र्या कुत्र्यांमध्ये धोका जास्त असल्याचंही त्याच संशोधकांना दिसलं होतं. ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या दिवसांत जेवण थोडं थोडं, गोंगाट सुरू व्हायच्या आधी दे आणि त्याला आतल्या खोलीत ठेव.

खरा उपाय मात्र गॅस्ट्रोपेक्सी. जठर आधीच पोटाच्या भिंतीला शिवून घ्यायचं. पोट फुगणं याने थांबत नाही, पण फिरणं जवळजवळ थांबतं, आणि जीव घेतं ते फिरणंच. माझं मत विचारशील तर डेन पाळणाऱ्याने हे करायलाच हवं. नसबंदीच्या भुलीतच हे उरकता येतं. नसबंदीची घाई मात्र नको. मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचे त्रास वाढलेले दिसतात, कारण हाडांची वाढ थांबवणारी हार्मोन्सच निघून जातात. दीड ते दोन वर्षांचा झाल्यावर दोन्ही एकदम कर.

आता वाढीचं. जन्मताना हे पिल्लू जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि दीड-दोन वर्षांत साठ किलोच्या पुढे जातं. एवढ्या वेगाने हाडं वाढताना चूक झाली तर ती आयुष्यभर चालण्यात दिसते. आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॅल्शियमचं सिरप. मोठं कुत्रं आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत, म्हणून बाटली हातात देतात. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढं द्याल त्याचा मोठा भाग आत जातोच. जास्त झालं की कूर्चेचं हाड होण्याची क्रिया बिघडते, पाय वाकडे होतात, सांध्यात कूर्चेचे तुकडे सुटतात. उलट, नुसता भात-चिकन किंवा दूध-पोळीवर वाढवलं तर कॅल्शियम कमी पडतं, शरीर ते हाडातून ओढून घेतं आणि हाडं पातळ होऊन मोडतात. म्हणून पाकिटावर ‘लार्ज ब्रीड पपी’ किंवा ‘जायंट पपी’ लिहिलेलं, कॅल्शियम १ ते १.५ टक्क्यांच्या दरम्यान असलेलं खाणं दे, आणि वर सिरप, पावडर काहीही नको. काकूंना पोळीचा तुकडा, उकडलेलं अंडं, दही द्यावंसं वाटणारच. ते दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत चालेल. घरचंच खाणं घालायचं असेल तर प्रमाण डॉक्टरकडून लिहून घे.

गुटगुटीत डेन पिल्लू दिसायला गोड, पण सांध्यांना वाईट. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागायला हव्यात आणि वरून पाहिलं की कंबर दिसायला हवी. प्युरिना कंपनीने ४८ लॅब्राडोर पिल्लांवर केलेला १४ वर्षांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं आलं, दुसऱ्यांचं ११.२, आणि कमी खाणाऱ्यांचे सांधेही जास्त काळ चांगले राहिले. डेन म्हणजे लॅब्राडोर नव्हे, पण वजनाबद्दल याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. दर रविवारी वजन करून वहीत लिही. उचलता येतोय तोवर त्याला घेऊन घरच्या काट्यावर उभा राहा, पुढे दवाखान्यातल्या काट्यावर.

व्यायाम मातीवर आणि त्याच्या वेगाने. तळजाई टेकडीवर सकाळी फिरवणं उत्तम. ॲक्टिव्हाला पट्टा बांधून कुत्रा पळवणारे आपल्याकडे रोज दिसतात, बाजीच्या बाबतीत ते कधीही नको. गाडीतून उडी मारू देऊ नकोस, दीड वर्षाचा होईपर्यंत जिन्याचे फेरे नकोत. तुझ्या हॉलमधल्या चकचकीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकतात, तिथे रबरी मॅट किंवा सतरंज्या टाक. वाढीच्या वयात ताप येऊन मनगटाजवळ सूज आणि दुखणं दिसलं तर त्याच दिवशी दाखव. घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन कधीही देऊ नकोस. पहिलीने कुत्र्याचं यकृत आणि रक्त बिघडतं, दुसरीने जठर आणि किडनी.

हृदयाचा आजार डेनमध्ये गुपचूप येतो. स्नायू पातळ होतो, हृदय मोठं होतं, ठोके अनियमित पडतात. खोकला, दम आणि चक्कर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून तीन वर्षांचा झाला की दरवर्षी इको आणि ईसीजी. गाढ झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोज. ३० च्या आत हवं. सतत जास्त येत असेल तर डॉक्टरांना फोन कर. पिमोबेंडान हे हृदयाचं औषध वेळेवर सुरू झालं तर कुत्र्याला चांगले महिने मिळतात. ही गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी द्यायची असते. ‘ग्रेन फ्री’, म्हणजे धान्य नसलेलं, खाणं घेऊ नकोस. वाटाणा, मसूर भरपूर असलेल्या अशा खाण्याचा आणि या आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०१८ मध्ये सुरू केली. सिद्ध काही झालं नाही, पण विनाकारण धोका का घ्यायचा?

पाच-सहा वर्षांच्या डेनचं लंगडणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नकोस, एक्स-रे काढ. हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ येतो, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. तो फुफ्फुसात लवकर जातो, म्हणून छातीचाही एक्स-रे लागतो. लंगडणं नसून मागचे पाय झुलतायत, नखं पुढून झिजतायत असं दिसलं तर दोष मानेच्या मणक्यांत असू शकतो. तेव्हा गळ्याचा पट्टा काढून छातीचा हार्नेस घाल आणि डॉक्टरकडे जा.

पावसाळा आहे, तेव्हा गोचिडांचं एवढं लक्षात ठेव. रोज बोटांच्या बेचक्यात, कानात आणि शेपटीखाली बघ. गोचीडतापात प्लेटलेट्स पडतात, भूक जाते, नाकातून रक्तही येऊ शकतं. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालतं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. गोचिडांसाठीच्या चघळायच्या गोळीबद्दल मोठ्या कुत्र्यांच्या मालकांची हमखास चूक होते. त्यातल्या फ्लुरालेनर या औषधाची सगळ्यात मोठी गोळी ५६ किलोपर्यंत आणि ॲफॉक्सोलेनरची ५० किलोपर्यंतच पुरते. बाजी त्यापुढे गेला की एका गोळीने भागणार नाही, वजनाप्रमाणे दोन गोळ्यांचा मेळ डॉक्टरकडून बसवून घे. लेप्टोची लस दरवर्षी दे.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. ज्यांच्याकडून बाजीला आणलंस त्यांना फोन करून विचार की त्याच्या आई-वडिलांचं किंवा आधीच्या भावंडांचं कोणाचं पोट फिरलं होतं का, कोणी अचानक गेलं का, आणि आई-वडिलांचे हृदयाचे रिपोर्ट आहेत का. सख्ख्या नात्यात पोट फिरलं असेल तर धोका बराच वाढतो. तसं असेल तर गॅस्ट्रोपेक्सी दोन वर्षांपर्यंत न लांबवता आधीच करावी लागेल, आणि मग नसबंदीपासून वेगळी. त्यांचं उत्तर मला कळव, म्हणजे तारीख ठरवताना मी सर्जनशी बोलायला येईन.

काकूंना नमस्कार. वहिनींना पोटाची लक्षणं नक्की वाचून दाखव.

तुझा,
सुहास