शेवटच्या दोन दिवसांत मोठी केस नको

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

हृदयाची ऑपरेशनं करायला आणि तिथल्या लोकांना ती शिकवायला बाहेरच्या हॉस्पिटलात निघाली आहेस, म्हणून हे लिहिते. मुक्काम बारा दिवसांचा असला तरी ऑपरेशनचे दिवस आठच धर. पहिला दिवस रुग्णांचे इको (हृदयाची सोनोग्राफी) स्वतः पुन्हा बघण्यात जाऊ दे, कारण पाठवलेला रिपोर्ट चार-सहा महिने जुना असू शकतो आणि तेवढ्यात झडप आणि फुप्फुसातला रक्तदाब दोन्ही बदललेले असतात. दुसऱ्या दिवशी कोरडी तालीम. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशिनच्या नळ्यांत सलाइन भरून पंप चालवा आणि मुद्दाम प्लग काढा. बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा. हाताने फिरवायचा दांडा मशिनलाच टांगलेला हवा, कपाटात नव्हे. तो कुठल्या दिशेने फिरवायचा याचा बाण ठळक रंगवून घे. उलटा फिरला तर रक्त महारोहिणीतून मागे ओढलं जातं आणि हवा शिरते. घाबरलेला माणूस हमखास उलटाच फिरवतो.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोस तुला पाठ आहे, किलोमागे ३०० ते ४०० युनिट. पण तिथली कुपी कोणत्या ताकदीची आहे, मिलिलिटरमागे १००० की ५०००, हे लेबल वाचून मोठ्याने म्हणायची सवय सगळ्यांना लाव. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय बायपास नाही, म्हणजे रुग्णाला मशिनवर घ्यायचं नाही. एसीटीच्या नळ्या किंवा रक्तवायू तपासणीची कार्ट्रिज संपली, तर त्या दिवशी ऑपरेशन नाही, मग बाहेर कितीही लोक ताटकळत असोत. आणि हेपॅरिनचा परिणाम उतरवणारं प्रोटामीन सुरू होताच रक्त पंपाकडे ओढणारं सक्शन बंद. हे राहून गेलं की मशिनमध्येच रक्त गोठतं आणि पुन्हा बायपासवर जायची वेळ आली तर हातात काही उरत नाही.

आता रुग्णांची निवड. सगळ्यात जास्त विचार इथे कर. तिथे तुला दिसणारे बहुतेक तरुण रुग्ण संधिवाती तापाने झडप गेलेले असतील. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसपासून सुरू झालेला हा आजार मायट्रल झडप जाड करतो, पानं एकमेकांना चिकटतात. यांत्रिक झडप बसवणं तुला सोपं जाईल, तासाभरात उत्तम निकाल दिसेल. पण रुग्ण तरुण मुलगी असेल तर तिला जन्मभर रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, आणि त्याचा परिणाम मोजणारा आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये. ती तपासणी तिच्या गावापासून किती लांब होते ते आधी विचार. दिवस गेले तर वॉरफरिन पहिल्या तिमाहीत गर्भाला बाधतं, आणि बंद केलं तर झडपेवर गुठळी. जैविक झडपेला वॉरफरिन जन्मभर लागत नाही, पण तरुण वयात ती लवकर खराब होते आणि दुसरं ऑपरेशन कोण करणार? म्हणून झडप नुसती अरुंद झाली असेल, पानं अजून लवचीक असतील, गळती फारशी नसेल आणि डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) गुठळी नसेल, तर फुग्याने उघडता येते का ते आधी बघ. नाहीतर दुरुस्तीचा प्रयत्न कर, चिकटलेले कोपरे सोडव, पानांना धरणाऱ्या जाड झालेल्या दोऱ्या चिरून वेगळ्या कर, झडपेच्या कडेला आधाराची रिंग घाल. सलाइन भरून गळती बघ, पण खरा निकाल बायपासवरून उतरल्यावरच्या इकोचा. दुरुस्ती असो की नवी झडप, दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन (मोठ्यांना १२ लाख युनिट) चालूच राहायला हवं. ते थांबलं की ताप परततो आणि तुझी दुरुस्ती वाया.

खार्टूमला २००७ साली सुरू झालेल्या सलाम सेंटरचा अभ्यास कर. तिथे हृदयाची ऑपरेशनं मोफत ठेवली आणि केंद्र कायमचं उभारलं, विमानाने येऊन जाणारं नाही. फरक तिथेच पडतो.

शिकवताना टेबलाच्या डाव्या बाजूला तू, उजवीकडे तिथला सर्जन. आधी छाती उघडणं-बंद करणं, मग कॅन्युला (मशिनच्या नळ्या हृदयाला जोडणं), मग एएसडी (कर्णिकांमधल्या पडद्यातलं भोक बंद करणं). एएसडीत क्लॅम्पचा वेळ, म्हणजे महारोहिणी चिमट्याने बंद ठेवायचा वेळ, तुझ्या हातून २० मिनिटं, त्याच्या हातून ४० लागली तरी हृदय ते सोसतं. अशाच केसमध्ये सुई त्याच्या हातात राहू शकते. झडपेची दुरुस्ती त्याची पहिली केस म्हणून देऊ नकोस. घड्याळ बघून तूच सुई ओढून घेशील आणि त्याला फक्त अपमान आठवेल. सुई केव्हा परत घ्यायची ते स्क्रब होण्याआधीच ठरवा.

सर्जनपेक्षा रात्रपाळीच्या नर्सला जास्त वेळ दे, अगदी मनापासून सांगते. मुलाच्या ड्रेनमध्ये (छातीतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत) तासाला किलोमागे १० मिलिलिटरहून जास्त रक्त आलं तर सर्जनला लगेच बोलवायचं, हे तिला ठाऊक असतं. वाहता ड्रेन एकदम थांबला, रक्तदाब उतरला आणि सीव्हीपी (हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) चढला, तर ती आनंदाची बातमी नसून हृदयाभोवती रक्त साचलंय, हे मात्र शिकवावं लागतं. असल्या गोष्टी ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्रींत होतात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत मोठी केस घेऊ नकोस. छाती पुन्हा उघडायचा संच खाटेजवळ, त्यात छातीचं हाड बांधलेल्या तारा कापायचा वायर कटर आहे ना ते रोज तपासायचं. वायर कटर दोन घेऊन जा, येताना एक तिथेच ठेव.

तुझी,
आई