डॉक्टर, ओचो आणि गुरुवारचा सराव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गुरुवारी टँगोच्या सरावात जे घडले ते तुलाच लिहिणे भाग आहे. इतर कोणी ते हसण्यावारी नेईल. नव्याने येऊ लागलेली ती अबोल मुलगी निघताना म्हणाली की आता ती येणार नाही. एकाच संध्याकाळी तिघांनी तिला ओचो (इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणारी पावले) तीन परींनी शिकवला होता, आणि त्यांपैकी एकालाही स्वतःचा तोल धड सांभाळता येत नव्हता. त्यांत आपले डॉक्टर होतेच. अख्खा तांदा, म्हणजे लागोपाठच्या तीन-चार गाण्यांचा संच, संपेपर्यंत त्यांनी तिच्या पावलांवर व्याख्यान दिले आणि नाचायचे राहूनच गेले.

सरावाला गुरू नको, हा तुझा जुना हट्ट. त्यावरून कॅम्पातल्या इराण्याकडे चहा गार होईपर्यंत आपण भांडलो आहोत. गुरू नको हे मला मान्य आहे, पण नियम हवेत. तू नेहमी ब्वेनोस आइरेसचा दाखला देतोस, की १९४० च्या दशकात तिथे पुरुष आपापसांतच सराव करीत. मात्र तिथे नवख्याला आधी फॉलोअर म्हणून, म्हणजे जोडीदाराच्या इशाऱ्यावर, नाचावे लागे आणि लीड करण्याची, म्हणजे इशारे देण्याची, पाळी पुष्कळ उशिरा येई, एवढा भाग तू सोयीस्करपणे गाळतोस.

म्हणून आता पहिला अर्धा तास भूमिका बदलत दि सार्लीच्या वाद्यवृंदाच्या संथ वादनावर नुसते चालायचे. दारिएंसोचा वाद्यवृंद नंतर, कारण त्याचा ठेका सुरू झाला की आपली मंडळी सराव विसरून धावत सुटतात. मग प्रत्येक जोडीने एकच गोष्ट निवडून दोन गाणी तिच्यावर घालवायची आणि जोडीदार बदलायचा. बोलायचे ते स्वतःच्या शरीराविषयी: ‘वळताना माझा तोल गेला’ हे चालेल, ‘तू टाच उचल’ हे विचारल्याशिवाय चालणार नाही. ज्यांना थांबून चर्चा करायची त्यांनी मधोमध यावे, म्हणजे कडेने घड्याळाच्या उलट दिशेने नाचणाऱ्यांची वाट अडत नाही. शेवटचे दोन तांदे मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचाच्या मैफलीत, नाचतो तसे, न थांबता आणि न बोलता.

धास्ती एवढीच, की बोलायला मिळाले नाही तर डॉक्टर यायचे थांबतील, आणि हॉलचे निम्मे भाडे तेच देतात. त्या मुलीला कळवावे असे फार वाटते; पण नियम आधी चालवून बघावेत आणि मगच बोलवावे, की आजच, यावर मन ठरत नाही.

माझा गुडघा ठीक आहे. तुझ्या बदलीचे कळले. घर मिळाले का? वहिनींना नमस्कार. दिवाळीत येशील तेव्हा एक गुरुवार मोकळा ठेव. डॉक्टरांना फॉलोअर करून लीड करू शकेल इतका उंच माणूस इथे दुसरा नाही.

तुझाच,
मित्र