तक्रार : प्रीक्वेलला (नंतर आलेल्या, पण आधीची गोष्ट सांगणाऱ्या पिक्चरला) ‘भाग १’ म्हणून लावल्याबद्दल

मालवण, जि. सिंधुदुर्ग
दि. २० जुलै २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई

विषय : ‘एलियन’ चित्रपटमालिकेचा उलटा क्रम, ‘प्रोमिथियस’खालचा चुकीचा मजकूर आणि शेवटचा प्रसंग न दिसणे

महोदय,

गेली तीन वर्षं मी तुमच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरतो. यंदा चार स्क्रीनचा महागडा प्लॅन घेतला, तोही ‘एलियन’ या अंतराळातल्या भयपटाचे सगळे पिक्चर एका जागी मिळतात हे तुमच्या जाहिरातीत वाचून. मिळतात, हे खरं. पण तुम्ही ते ज्या क्रमाने लावून ठेवलेत, त्यापायी १२ जुलैच्या रात्री माझी जी फजिती झाली ती तुमच्या चॅटवरच्या मदतनिसाला तीनदा सांगून झाली. तिन्ही वेळा ‘ॲप काढून पुन्हा टाका’ एवढंच उत्तर आलं. काढलं, पुन्हा टाकलं. क्रम तोच. म्हणून हे लेखी.

माझं दांडी किनाऱ्याजवळ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या. दिवसा इंजिनं खोलायची आणि संध्याकाळ मोकळी. त्यामुळे पावसाळ्यात दर शनिवारी माझ्या शेडमध्ये प्रोजेक्टर लावून पिक्चर बघायचा रिवाज पडलाय. दोन तांडेल (बोटींचे म्होरके), आठ-दहा खलाशी, माझी बायको, शेजारची मुलं आणि रत्नागिरीला इंजिनीअरिंगला असलेला भाचा. सोबत कांदाभजी. पत्र्यावर सर आली की संवाद ऐकू येत नाहीत, तेव्हा सबटायटलवर भागवायचं.

‘एलियन’ मी पहिल्यांदा पाहिला तो परळला मामाकडे शिकायला होतो तेव्हा, भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. पिक्चर १९७९ चा, रिडली स्कॉट यांचा. आमच्या हाती लागला तोवर दहा-अकरा वर्षं जुना झाला होता. मामा गिरणीत रात्रपाळीला गेला होता आणि आम्ही तीन पोरं एका चादरीत. त्यात एक जागा आहे, जिच्यासाठी मी तो पिक्चर आजही बघतो. तिघं अंतराळवीर एका परक्या, पडीक यानात शिरतात. आत एक अवाढव्य आकृती खुर्चीत बसल्या जागी मेलेली. खुर्ची आणि अंग वेगळं ओळखू येऊ नये असं एकजीव झालेलं, दगड झालेलं. छातीची हाडं आतून बाहेर वाकलेली. कोण होता, कुठून आला, कशाने मेला, काहीच सांगत नाहीत. पुढे जातात. हे सगळं एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराच्या डोक्यातून आलेलं. ते धूड आणखी मोठं वाटावं म्हणून स्कॉट यांनी लांबच्या शॉटमध्ये लहान मुलांना अंतराळवीरांचे छोटे पोशाख घालून उभं केलं होतं, त्यात त्यांची स्वतःची मुलं होती. चाहते त्या आकृतीला ‘स्पेस जॉकी’ म्हणतात. तेहतीस वर्षं जगभरचे लोक त्या एका मढ्यावर तर्क लढवत बसले होते. मीही त्यातलाच.

मग २०१२ च्या जूनमध्ये स्कॉट यांनीच त्याचं उत्तर आणलं, ‘प्रोमिथियस’. मी काम टाकून गोव्यात जाऊन पाहिला. उत्तर काय, तर त्या आकृतीचं हत्तीसारखं तोंड म्हणजे नुसतं शिरस्त्राण, आणि आत पांढराफटक, टकला, माणसासारखाच माणूस. त्याला नाव दिलं ‘इंजिनीअर’. येताना गाडीत मी बांद्यापर्यंत कोणाशी बोललो नाही. रागाचं जाऊ द्या. पण तो राग यायला आधी ३३ वर्षांची वाट बघणं खर्ची पडलेलं असावं लागतं, आणि तुमच्या ॲपने नेमकं तेच भांडवल माझ्या पाहुण्यांकडून काढून घेतलं.

झालं असं. त्या शनिवारी सगळ्यांना १९७९ चा ‘एलियन’ दाखवायचा असं मी ठरवलं होतं. नऊच्या सुमारास वीज गेली, मी इन्व्हर्टरकडे गेलो. वीज आली तेव्हा भाच्याने तुमच्या संग्रहावरचं ‘सुरुवातीपासून पाहा’ हे बटण दाबलं. त्याचं काय चुकलं? पोस्टरवर ठसठशीत ‘भाग १’ लिहिलंय, ते ‘प्रोमिथियस’वर. ‘भाग २’ म्हणजे २०१७ चा ‘कोव्हेनंट’. खरा पहिला पिक्चर तुमच्याकडे ‘भाग ३’. मी हात पुसत येतो तर पडद्यावर आइसलंडचा तो प्रचंड धबधबा आणि काठावर उभा पांढरा इंजिनीअर. बंद करा म्हणालो, तर तांडेल म्हणाले, “ऱ्हव दे रे, पाणी काय झ्याक आसा!” माणसं रमली होती. मी गप्प बसलो. ही माझी चूक, ती तुमच्या माथी मारत नाही.

पुढचे दोन तास जे झालं ते एरवी मला आवडलंच असतं. यानातला जीवशास्त्रज्ञ पांढऱ्या, सापासारख्या प्राण्याला बघून लाडाने हात पुढे करतो. प्राण्याने फणा काढलाय आणि हा चुचकारतोय! शेडमध्ये नुसता कल्लोळ. “अरे मेल्या, फणो काढल्यान तेना, हात मागे घे!” आमच्या खलाशांना जाळ्यात समुद्रातले साप नेहमीचे. विषारी असतात. नवा पोरगाही पहिल्या फेरीत शिकतो की त्याला काठीने उडवायचं, बोट लावायचं नाही. “ह्येका शास्त्रज्ञ कोणी केल्यान?” हा प्रश्न जगभरच्या चाहत्यांनी २०१२ मध्येच विचारला होता, आमच्याकडे तो मालवणीत आला इतकंच. नकाशा काढणारी यंत्रं ज्याने सोडली तो भूगर्भशास्त्रज्ञच वाट चुकतो, तेव्हा तांडेल उठून बाहेर विडी ओढायला गेले. परक्या जागी हवा चांगली आहे म्हणून शिरस्त्राण काढतात, त्यावर तर बोलायलाच नको. आणि शेवटी ते अजस्र यान चाकासारखं घरंगळत येतं आणि मोहिमेवरची अधिकारी विकर्स बाई त्याच्याच रेषेत नाकासमोर पळत सुटते, तेव्हा दहा माणसं एकदम ओरडली, “बाजूक हो गे बाये, बाजूक!” ती झाली नाही.

माझी बायको मात्र हसली नाही. नायिका पोटात वाढणारा परका जीव काढायला शस्त्रक्रियेच्या यंत्रात शिरते आणि यंत्र सांगतं, माझ्यात फक्त पुरुषांची सोय आहे. बायको म्हणाली, “एवढ्या पैशाचं यंत्र, तेही बाईच्या खोलीत, आणि बाईमाणसाची सोय नाही? म्हणजे यानात कोणीतरी म्हातारा लपवलाय.” मोहिमेचा पैसेवाला मालक वेलँड, तो लपलेला म्हातारा, बाहेर यायला अजून अवकाश होता. मला २०१२ मध्ये हे सुचलं नव्हतं. तो प्रसंग आणि मायकल फासबेंडरने केलेला यंत्रमानव डेव्हिड, या दोन गोष्टींसाठी मी त्या पिक्चरला कधीच मोडीत काढला नाही. तेव्हा कृपया असं समजू नका की एका वाईट पिक्चरबद्दल पैसे परत मागणारा हा माणूस आहे.

नुकसान पुढच्या शनिवारी झालं, म्हणजे कालच. काल मी १९७९ चा लावला. तिघं त्या पडीक यानात शिरले. मी मुद्दाम भज्यांची परात बाजूला ठेवली, सगळ्यांची तोंडं दिसावीत म्हणून मागे वळून बसलो. ती आकृती आली. आणि भाचा म्हणाला, “मामा, हा तर तोच टकला, सूट घालून बसलाय.” एक खलाशी म्हणाला, “व्हय, पोटातसून काय ता इला आसतला.” आणि भजी मागितली. संपलं. जेवणाच्या टेबलावर केन या अंतराळवीराची छाती फुटते, त्या प्रसंगालाही कोणी दचकलं नाही, कारण पोटातून काय काय निघतं ते सगळं आधीच बघून झालं होतं. चित्रीकरणाच्या वेळी बाकीच्या नटांना किती रक्त उडणार ते सांगितलं नव्हतं, त्यांचे चेहरे खरे भेदरलेले आहेत. आमच्या शेडमध्ये माणसं मोबाइल बघत होती.

तुमचा मदतनीस लिहितो, ‘भाग कथेतील कालक्रमानुसार लावले आहेत.’ कालक्रम मला पाठ आहे. ‘प्रोमिथियस’ घडतो २०९३ मध्ये, ‘कोव्हेनंट’ २१०४, ‘एलियन’ २१२२. पण महाभारत कोणी कालक्रमाने सांगतं का? जनमेजयाच्या सर्पसत्रात त्याला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगतात, आणि ती ऐकायला आधी जनमेजय यज्ञाला बसलेला असावा लागतो. महाभारत लांबचं वाटत असेल तर आमच्या जत्रेला या. दशावतारात राक्षस आरोळी ठोकून येतो तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरतात. त्याच पोरांना नाटकाआधी रंगपटात नेऊन, तोच माणूस हातात आरसा धरून तोंड रंगवताना दाखवला तर? प्रीक्वेल म्हणजे रंगपट. नाटक बघितलेल्या माणसाला तिथे डोकावायची ओढ असते, कधी तो निराश होऊन परततो, कधी नाही. तुम्ही तिकीट रंगपटाच्या दारावर फाडताय.

आता मजकुराचं. ‘प्रोमिथियस’खाली तुम्ही लिहिलंय, ‘याच ग्रहावर सापडलेल्या यानातून पुढची गोष्ट सुरू होते.’ साफ चूक. ‘प्रोमिथियस’ घडतो एलव्ही-२२३ नावाच्या उपग्रहावर, १९७९ चं पडीक यान आहे एलव्ही-४२६ वर. जागा वेगळी, यान वेगळं, मढंही वेगळं. ‘प्रोमिथियस’मधला इंजिनीअर खुर्चीत मरतच नाही, तो नायिकेच्या मागे तिच्या लाइफबोटीत जातो आणि तिथे मरतो. २०१२ मध्ये अर्धी भांडणं याच घोळावरून झाली होती. पिक्चर न बघता मजकूर लिहिला की असं होतं. माझ्याकडे कोणी गिअरबॉक्स न उघडता बिल केलं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही.

आणि शेवटचा प्रसंग. नायिका उडून जाते, मग मेलेल्या इंजिनीअरच्या छातीतून निळसर, टोकदार डोक्याचा प्राणी बाहेर येतो. १९७९ च्या राक्षसाची पुसटशी सावली म्हणून जे काही आहे, ते दोन तासांनी एवढंच. त्याच क्षणी तुमच्या ॲपने चित्र उचलून कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं केलं आणि ‘भाग २ पाच सेकंदांत’ अशी पाटी लावली. श्रेयनामावली तोवर सुरूही झाली नव्हती. रिमोट सापडेपर्यंत पडद्यावर ‘कोव्हेनंट’.

माझ्या मागण्या. ‘भाग १’ वगैरे आकडे काढा आणि पिक्चर ज्या वर्षी आले त्या क्रमाने लावा : १९७९, १९८६, १९९२, १९९७, २०१२, २०१७ आणि २०२४ चा ‘रोम्युलस’. कालक्रमाची हौस असेल तर ती वेगळी यादी खाली द्या, वर ‘आधी पाहिलेल्यांसाठी’ असं लिहून. एलव्ही-२२३ चा मजकूर दुरुस्त करा. श्रेयनामावली लागेपर्यंत चित्र लहान करू नका. पुढच्या महिन्यात १९७९ च्या गोष्टीच्या दोनच वर्षं आधी घडणारी मालिका येतेय, ‘एलियन : अर्थ’. ती तुमच्याकडे येवो न येवो, पण या हिशेबाने तीही तुम्ही पहिल्या पिक्चरच्या आधी बसवाल, म्हणून घाई करतोय.

हे जमत नसेल तर माझ्या वर्गणीचे उरलेले सात महिने हिशेब करून परत करा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे तक्रारीचा निर्णय १५ दिवसांत देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही तर मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग ओरोसला जिल्हा आयोगाकडे जाईन. मालवणहून एसटी आहे.

सोबत : पोस्टर, मजकूर आणि कोपऱ्यातल्या चित्राचे मिळून सहा फोटो, चॅटच्या तीन प्रती, वर्गणीची पावती.

आपला,
एक वर्गणीदार
दांडी, मालवण

ता. क. नारळी पौर्णिमा झाली की बोटी पाण्यात जातील आणि शेड रिकामी होईल. त्याआधी दोन शनिवार माझ्या हातात आहेत. शेजारच्या दोन मुलांनी अजून यातलं काहीच पाहिलेलं नाही, ती १२ तारखेला आजोळी होती आणि काल तापाने झोपून. त्यांना मी १९७९ चा दाखवणार आहे, आणि तोवर भाच्याला रत्नागिरीला परत पाठवणार आहे.