कादंबऱ्या का सापडत नाहीत

काळाचौकी, मुंबई
रविवार, १४ जुलै २०२४

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

काल वाचनालय बंद करताना तू तुमच्या पुस्तकसूचीच्या सॉफ्टवेअरबद्दल म्हणालास, "फुकटच्या सॉफ्टवेअरला कोणी वाली नसतो, दिवाळीनंतर पैसे जमवून विकतचं घेऊ." पाऊस वाढला होता, तुला कुलूप लावायची घाई होती, म्हणून मी काही बोललो नाही. पण मुलुंडपासून करी रोडपर्यंत लोकलमध्ये डोक्यात तेच घोळत होतं. घरी येऊन तू ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवलेला निरोप आणि त्यांच्यातल्या एकाचं त्यावर आलेलं उत्तर पुन्हा वाचलं. राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

तू लिहिलं होतंस, "सर्च चालत नाही. डेटाबेस खराब झालाय. तातडीने मदत हवी." सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: कोणती आवृत्ती? नेमका कोणता शब्द शोधलात? काय मिळायला हवं होतं आणि काय मिळालं? तुला वाटलं, त्याने तुला उडवून लावलं. मला मुळीच तसं वाटत नाही. अशा मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बरेच जण आपली नोकरी सांभाळून, रात्री उशिरा अशी उत्तरं देत बसतात. ओळख ना देख अशा माणसाने तुला तीन प्रश्न विचारले, म्हणजे तो तुझ्या कामाला हात लावायला तयार होता रे. हात लावायचा कुठे, एवढंच त्याला कळत नव्हतं.

आणि काल तासभर आपण दोघांनी जे केलं, ते त्याच तीन प्रश्नांची उत्तरं शोधणं होतं. आठवून बघ. सुरुवातीला "काहीच सापडत नाही" म्हणत होतास. "कविता" शोधलं, सापडलं. "नाटक" सापडलं. "कादंबऱ्या" टाकलं तर १२ नोंदी, आणि कपाटात तर दोन फळ्या भरलेल्या. मग "दऱ्या", "वाऱ्या", "तऱ्हा" करून पाहिलं. जिथे तो चंद्रकोरीसारखा अर्धा र येतो, नेमकं तिथेच अडत होतं. शेवटी तू जुन्या नोंदीतला शब्द उचलून शोधायच्या चौकटीत चिकटवलास आणि राहिलेली २९ पुस्तकं समोर आली. तू दोनदा चष्मा पुसलास. दोन्ही शब्द डोळ्यांना अगदी सारखे!

ते सारखे नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे ऱ, त्यावर हलन्त, मग य. ऱचा क्रमांक ०९३१, आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर त्याला स्वतःची कळ आहे. दुसऱ्या तऱ्हेत साधा र म्हणजे ०९३०, हलन्त, मग २००डी क्रमांकाचं न दिसणारं जोडचिन्ह आणि य. कागदावर दोन्ही "र्‍या"च, पण संगणकाला वेगळी अक्षरं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकसारखं करणं, केलं तरी ती एक होत नाहीत. तुमच्या जुन्या नोंदी एकाने केल्या, नव्या दुसऱ्याने, दोघांचे कळफलक वेगळे. डेटाबेसला काहीही झालेलं नाही.

आता सांग, तुझ्या त्या फोटोतून हे कोणाला कळलं असतं? दोन शब्दांतला फरक फोटोत दिसतच नाही. म्हणून मजकूर नेहमी मजकूर म्हणूनच द्यावा, कॉपी करून. चूक झाल्याचा संदेश संगणकाने दाखवला असेल तर तोही शब्दशः, आपल्या शब्दांत सांगून नव्हे. आणि "डेटाबेस खराब झालाय" हा आपला तर्क होता. डोळ्यांना काय दिसलं ते आधी लिहायचं, आपला अंदाज नंतर, अंदाज म्हणूनच. नाहीतर वाचणारा माणूस आपल्या अंदाजामागे धावत सुटतो.

पुन्हा लिहिशील तेव्हा एक रिकामी सूची उघड आणि त्यात दोनच पुस्तकं घाल, एक या तऱ्हेचं, एक त्या. शोध घे, एकच सापडेल. त्याची फाइल जोड. खरी सूची पाठवू नकोस, तिच्यात वाचकांची नावं आणि फोन नंबर आहेत. पलीकडच्या माणसाला देवनागरीचं अक्षरही ओळखू येत नसेल, तरी क्रमांक लिहिलेस की पुरे, आणि दोन ओळींत सांग की हा शब्द मराठीत रोजचा आहे. मथळ्यातच येऊ दे: मराठी अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला तर शोधात एकच सापडतो. आवृत्ती लिही. आधीच्या आवृत्तीत हे चालत होतं का, तेही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, मी स्वतः तसंच लिहितो आणि आजवर मला कोणी त्यावरून बोललेलं नाही. आणि त्या गृहस्थांना खाजगी मेल करू नकोस, सगळ्यांना दिसेल तिथेच लिही. उद्या सांगलीच्या एखाद्या वाचनालयाला हीच अडचण आली तर त्यांना उत्तर तयार मिळेल.

लांबलचक लिहावं लागतं असंही नाही. लिनस टॉरवाल्ड्सने ३ जुलै १९९१ ला मिनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना विचारलं होतं: एका कामासाठी पॉसिक्स या संगणकप्रणाल्यांच्या मानकाची व्याख्या हवी आहे, संगणकावर वाचता येईल अशा रूपात मिळाली तर उत्तम, कुठे मिळेल? कशासाठी, काय, कोणत्या रूपात, एवढंच. त्या कामाचं पुढे लिनक्स झालं, संगणक चालवणारी मुक्त प्रणाली.

"तातडीने" हा शब्द मात्र काढ. तो मला फार टोचला. यंदा मार्चमध्ये एक्सझेडचं प्रकरण झालं. फाइली दाबून लहान करणारा हा छोटा प्रोग्रॅम असंख्य लिनक्स यंत्रांवर आहे, आणि तो सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: काम रेंगाळतंय, दुसऱ्याच्या हाती दे. दमलेल्या माणसाने एका "मदतनीसा"ला अधिकार दिले आणि त्याच मार्गाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट, म्हणजे परक्याला गुपचूप यंत्रात शिरू देणारा कोड, शिरली. ती पकडली पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडने, दुरून यंत्रात शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय अशा बारीक खुणांवरून. त्याच्या अहवालात मोजलेले आकडे होते: आधी ०.२९९ सेकंद, नंतर ०.८०७. "लॉगिन हळू झालंय" एवढंच त्याने लिहिलं असतं, तर त्यावर कोणाची नजर थांबली असती का?

उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांब, मग त्याच जागी सौम्य आठवण दे. दुसरीकडे तेच पुन्हा टाकू नकोस, दोन माणसं एकाच गोष्टीवर खपतात. कोणी सुचवलेला उपाय केलास की चालला की नाही ते कळव, नाही चालला तरी. दुरुस्ती झाली तर तुझी ती दोन पुस्तकं सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत घालाल का, असं विचार. बहुतेकदा आनंदाने घेतात. मग पुढची प्रत्येक आवृत्ती निघण्याआधी तुझ्या "कादंबऱ्या" सापडतात की नाही ते संगणक आपोआप तपासेल. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये तुला हे कोण करू देईल, संजय?

मसुदा तूच लिही, मी लिहून देणार नाही. वाचनालय तुझं आहे आणि पुढचे प्रश्नही तुलाच विचारायचे आहेत. गुरुवारी कामावरून सुटलो की सात वाजेपर्यंत मुलुंडला येतो, एकत्र वाचू. रिकामी सूची तेवढी करून ठेव. वहिनींना नमस्कार, आणि माझी छत्री तुमच्या काउंटरमागे राहिली आहे, ती कोणाला देऊ नकोस.

तुझा,
नितीन